एल आला का, ताई?

सकाळी साडेनऊची वेळ. माझा तवा तापलेला, भाकर थापून परातीत तयार, आणि नेमकी तेव्हाच गच्चीवरून हाक यायची, "ताई, जरा पाहता का? एल आला का?"

आता भाकर टाकावी की एल पाहावा? मी चिडायची. "या माणसानं माझ्या स्वयंपाकाचा पार बट्ट्याबोळ केला" असं मोठ्यानं म्हणायची, म्हणजे वर ऐकू जावं. मग गॅस बारीक करून, पिठाचे हात तसेच वर धरून, शेजारच्या दारातून आत जायची. आमची घरं एका भिंतीची, गच्ची तर एकच. मधे गुडघाभर कठडा. आत कोपऱ्यात त्यांचा तो कॉम्प्युटर. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि खालच्या ओळीत पाच अक्षरांच्या पाच जागा. एस, सी, व्ही, वाय, एल.

"एस आहे, सी आहे!" मी खालून ओरडायची.

"व्ही?"

"आला! गेला!"

"कुठं गेला?"

"मला काय विचारता? तुमचा व्ही, तुम्ही पाहा!"

गल्लीतल्या बाया खदखदून हसायच्या. म्हणायच्या, बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या पोराईले बाराखडी शिकवली, आता इंगळेभाऊ तिले एबीसीडी शिकवून राह्यले. मीही हसायची, पण आतून राग यायचा. आज तो राग कुठून आणू? भास्करभाऊ इंगळे जालन्याला मुलाकडे वारले, त्याला दीड वर्ष झालं. भाकर अगदी वेळेवर तव्यावर पडते. कोणी हाक मारत नाही. चांगली फुगते मेली.

भाऊ मूळचे बीबीचे, तिकडे लोणार तालुक्यातले. चिखलीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आले आणि इथलेच झाले. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात नेहमी टेस्टर. चालताना मान थोडी वर. लोकांना वाटायचं गर्विष्ठ आहे. गर्विष्ठ कशाचे, लोकांच्या गच्च्यांवरच्या छत्र्या पाहत चालायचे. टीव्हीच्या डिशला आमच्याकडे छत्रीच म्हणतात. कोणाची छत्री वाकडी दिसली की ओळख असो-नसो, दार वाजवणार. "तुमच्या छत्रीचं तोंड खाली गेलंय. दोन बोटं उचला." त्यांचा चहा कधी घेतला नाही. सांगितलं आणि निघाले.

कॉलेजनं काही जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा त्यातला एक रीतसर मागून घेऊन त्यांनी घरी आणला आणि त्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली टाकली. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, "ताई, बाकीची मशीनं काही बिघडलं की 'चूक झाली' म्हणतात आणि तोंड फिरवून बसतात. हे सांगतं. पहिल्यापासून, ओळीनं सगळं सांगतं. आपल्याला वाचायचा धीर पाहिजे."

तो धीर त्यांच्याकडे पोत्यानं होता. टीव्हीचा सिग्नल कॉम्प्युटरात घेणारी एक काडेपेटीएवढी डबी त्यांनी आणली, त्याची गोष्ट सांगते. डबी लावली, दिवा लागला, चित्र काही येईना. दुकानदार म्हणाला, लिनक्सवर हे चालतच नाही भाऊ, परत करा. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. भाऊंनी मशीनच्या त्या काळ्या पडद्यावरच्या शेकडो ओळी वहीत उतरवून घेतल्या. हातानं! आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यातली एक ओळ त्या माणसाला वाचून दाखवली. डबीला सुरू व्हायला तिची एक छोटी फाइल लागते, ती मशीनमधे नाही, एवढंच त्या ओळीत होतं. "ती मेलेली नाही हो. तिला तिची वस्तू पाहिजे, ती मागून राहिलीय," असं ते दुकानदाराला म्हणाले. फाइल मिळवली, योग्य जागी ठेवली, डबी काढून पुन्हा लावली. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती पाच अक्षरं एका ओळीत पाहिली.

मला त्यांचा अर्थही सांगितला. "एस म्हणजे वरून काहीतरी येतंय. सी म्हणजे ओळखीचं येतंय. व्ही आणि वाय म्हणजे बोलणं जुळत चाललंय. आणि एल म्हणजे लॉक. धरलं. एल नाही तोवर बाकीच्या चौघांचा काही उपयोग नाही."

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा टीव्ही विकत आणा ना," मी म्हटलं.

"टीव्ही आहे ताई. टीव्ही दाखवतो, धरून ठेवत नाही."

मला तेव्हा कळलं, हे सगळं कोणासाठी चाललंय.

कारण कुसुमवहिनी मला माहीत होत्या. भाऊंची बायको. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची, अस्सल वऱ्हाडी. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला फटकळ. आणि गळा! भुलाबाईची गाणी म्हणायचे दिवस आले की पोरी आधी वहिनींच्या दारात येत. पूर्ण महिनाभर आमच्या गल्लीत संध्याकाळी त्यांचाच आवाज. एकदा सरकारी वाहिनीवाले गावोगावची भुलाबाईची गाणी टिपायला आले, तेव्हा रोहिणखेडच्या बायांमधे माहेरवाशीण म्हणून वहिनींना पुढे बसवलं. कार्यक्रम लागायचा होता त्या दिवशी आमची सगळी गल्ली इंगळेंच्या घरात. मी शाळेतून अर्धी रजा काढली होती. कार्यक्रमाचं नाव पडद्यावर आलं आणि लाइट गेली. गेली ती दिवेलागणीलाच आली. बायांनी महावितरणाच्या नावानं बोटं मोडली. वहिनी मात्र उठून चहा टाकायला गेल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या वं. माह्यं तोंड कसं आहे ते मले माहीत आहे."

दोन वर्षांनी त्या गेल्या. पोटात गाठ निघाली, चार महिन्यांत खेळ खलास. घरात त्यांचे फोटो तीन, तिन्ही गप्प. भाऊंचा फोन बटणांचा, त्यात काही साठवलेलं नाही. आवाज कुठेच नाही. एवढी बोलणारी बाई, आणि घरात तिचा एक शब्द उरला नाही.

त्यानंतर भाऊंमधे एक बदल झाला, तो मी भाषा शिकवणारी म्हणून माझ्या कानानं टिपला. भाऊ बीबीचे, म्हणजे मराठवाड्याच्या हद्दीवरचे. ते 'मला', 'तुला' म्हणायचे. वहिनींच्या 'मले-तुले'ची आयुष्यभर थट्टा केली त्यांनी. वहिनी गेल्यावर वर्षभरात हा माणूस 'मले' म्हणायला लागला. आधी चुकून. मग नेहमीच. "ताई, मले थोडं विरजण देता काय?" अशी कठड्यावरून हाक आली, तेव्हा मी वाटीभर विरजण दिलं. त्यांना ते माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्या सरकारी वाहिनीवर रोज सकाळी दहा ते अकरा जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायला सुरुवात झाली होती. कोणत्या दिवशी काय, ते आधी सांगत नसत. म्हणून तो कॉम्प्युटर, ती डबी, ती छत्री. दहाला पाच कमी असताना भाऊ मशीनसमोर बसत, दहाला लाल बटन दाबत आणि तासभर आवाज, चित्र, सगळं साठवत. अकराला बटन बंद. मग गच्चीवर येऊन कठड्यापलीकडून मला सांगत, "आज नव्हती."

एवढंच. दोन वर्षं रोज. लोकनृत्य असायचं, शेतीचा कार्यक्रम असायचा, एखादं जुनं नाटक असायचं. साठवलेलं पुसायचं आणि उद्याची तयारी. मी एकदा म्हटलं, वाहिनीला पत्र लिहा. त्यांनी चार लिहिली होती. उत्तर एकालाही नव्हतं. "त्यांच्याकडं हजारो फिती असतील ताई. माह्यी कुसुम त्यात कुठं पडली आहे, त्याईले तरी काय माहीत."

मधे वानरांनी उच्छाद मांडला. एक थोराड वानर बरोबर दहाच्या सुमाराला छत्रीवर येऊन बसायचं. इकडे एल गायब. भाऊ हुसकावायच्या भानगडीत पडले नाहीत. त्याला हात जोडून म्हणाले, "उतर राजा, दहा वाजले," आणि कठड्यावर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. वानर उतरलं. भाऊ खूश. दुसऱ्या दिवसापासून ते पावणेदहालाच हजर, शेंगा मिळेपर्यंत छत्री सोडेना. मी म्हटलं, "घ्या! तुम्ही त्याला नोकरीच लावून दिली." भाऊंनी टेस्टरनं डोकं खाजवलं. "बिघाड आपणच पाळून ठेवला म्हणायचा," ते म्हणाले. महिनाभर शेंगांची जागा रोज थोडी थोडी लांब सरकवत त्यांनी ते वानर शेवटच्या घराच्या गच्चीवर नेऊन सोडलं.

त्यांची कामाची एक रीत होती. काहीही बिघडलं की पहिलं वाक्य, "आधी आपलं काय चुकलं ते पाहू." मशीनला शिवी नाही, कंपनीला शिवी नाही. मला हे फार आवडायचं, कारण मला ते कधीच जमलं नाही. माझं काही बिघडलं की आधी दुसऱ्याचं नाव तोंडात येतं.

पण एका बिघाडानं त्यांनाही चकवलं. काही महिने सकाळी दहा-साडेदहाला सिग्नल पडायचा आणि दुपारी आपोआप सावरायचा. रोज नाही, मधूनच. भाऊंनी वायर बदलली, पिना बदलल्या, मशीनमधला डबी चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर म्हणतात तो, नव्यानं बनवला. तीन दिवस ते मशीन नुसतं घरघरत होतं. काही फरक नाही. मग वहीतल्या नोंदी पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, आणि कठड्यापाशी येऊन उत्साहानं म्हणाले, "ताई, सापडलं! नळाच्या दिवशी पडते!"

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की गल्लीतली प्रत्येक मोटर सुरू. भाऊंनी ठरवलं, मोटरींमुळे विजेचा दाब पडतो आणि डबी अडखळते. बरोबर वाटत होतं. मग पुढच्या नळाच्या दिवशी घरोघर जाऊन लोकांच्या मोटरींना कान लावले. दोघांच्या मोटरी स्वतः दुरुस्त करून दिल्या. मशीन इन्व्हर्टरवर घेतलं, म्हणजे बाहेरच्या विजेचा प्रश्नच नाही. तरी सिग्नल पडला. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना थकलेलं पाहिलं. जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाले, "ताई, त्याच दिवशी लागला कार्यक्रम तं काय करू मी?"

मी म्हटलं, "असं कसं होईल? काहीतरीच."

आणि तस्संच झालं. नळाचा दिवस. मी पहाटेपासून धुण्याला भिडलेली, कारण पाणी येतं त्याच दिवशी चादरी, गोधड्या, पडदे, सगळं काढायचं. दहा वाजून गेले होते. दोन मोठ्या गोधड्या पिळता येईनात म्हणून तशाच निथळत्या वर नेल्या. एक दोरीवर टाकली, दुसरी टाकली, आणि खालून भाऊंचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"ताई! कुसुम आहे! कुसुम लागली! आन् एल गेला!"

जिन्यावरून धावत वर आले. छत्रीकडे पाहिलं, मग छत्रीच्या पाइपाला बांधलेल्या दोरीकडे, मग दोरीवरच्या माझ्या गोधड्यांकडे. मीही पाहिलं. दोरीच्या ओढीनं पाइप माझ्या बाजूला झुकला होता. आठ-दहा दिवसांनी एकदा, ओलं धुणं पडलं की झुकायचा. ऊन लागून वाळलं की परत सरळ.

मी गोधड्या ओढून खाली टाकल्या. पण आज वजन जास्त झालं होतं. छत्रीचा नट सरकला आणि ती लोंबायला लागली. भाऊंनी दोन्ही हातांनी तिला उचलून धरलं. "खाली जा ताई! अक्षरं सांगा!"

मी पळाले. त्या वयात एकेक पायरी गाळून पळाले. "एस! सी!" ते वर केसभर हलवत होते. "व्ही! वाय!" आणि मग, "एल! एल आला! हलू नका!"

चित्र मात्र थिजलेलंच होतं. भाऊंनीच मला शिकवलं होतं की असं झालं तर वाहिनीच्या नावावर माउसनं दोनदा टिचकी मारायची. मारली. आणि वहिनी गायला लागल्या.

हिरवी काठापदराची साडी, हातभर बांगड्या, मागे आठ-दहा बाया. टाळी देताना मान किंचित डावीकडे. तोच आवाज, उघडा, खणखणीत. मी पदरानं डोळे पुसत रडत होते आणि ओरडत होते, "आहे! आहे! चालू आहे!" वर भर उन्हात तो माणूस छत्री धरून उभा. नऊ-दहा मिनिटं. हात सोडता येत नव्हता, खाली येता येत नव्हतं. कार्यक्रम संपला तेव्हा मीच वर जाऊन सांगितलं, "झालं. सोडा आता." त्यांचे हात खाली येईनात, मी धरून खाली घेतले.

खाली येऊन त्यांनी साठवलेली फाइल उघडली. ती एल गेला तिथेच संपत होती. पुन्हा सुरू करताना लाल बटन दाबायचं असतं. मी दाबलं नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नाही, मी गाणं पाहत होते.

मी जमिनीवरच बसले. "भाऊ, दोरी माझी, गोधड्या माझ्या, आणि बटनही मीच... दोन वर्षं तुम्ही..."

ते म्हणाले, "दोरी मीच बांधून देली होती तुमाले. तुमच्या दोरीची लाकडी बल्ली पडली होती तवा. सगळी गल्ली धुंडाळली मी, आपलं बांधलेलं तेवढं पाह्यलं नाही."

मग त्यांनी ती अर्धवट फाइल पहिल्यापासून लावली. गाण्याच्या आधीचं तेवढं त्यात होतं, अर्ध्या मिनिटाचं. निवेदिका नाव विचारते. वहिनी पदर सावरतात, खाकरतात आणि सांगतात, "कुसुम. रोहिनखेडची." मग कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला कोणाकडे तरी पाहून विचारतात, "म्हनू काय आता?" आणि चित्र चौकोन चौकोन होऊन थिजतं.

"गाणं राह्यलं हो," मी म्हटलं.

"गाणं गावातल्या चार जणी म्हणतात ताई," ते हळूच म्हणाले. "हे कोण म्हणते?"

त्या दिवसानंतर गच्चीवरून "आज नव्हती" ऐकू आलं नाही. छत्री त्यांनी पुन्हा घट्ट बसवली, पण दहाची धावपळ थांबली. दोन वर्षांनी त्यांच्या मुलानं त्यांना जालन्याला न्यायचं ठरवलं. एकटं ठेवणं आता बरं नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. निघायच्या दिवशी मी वाटेसाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून घेऊन गेले. जीप दाराशी उभी. सामान गेलं होतं. कॉम्प्युटर तेवढा राहिला होता, तो शेवटी काढायचा म्हणून सुरूच.

दार लोटलेलं होतं. भाऊ प्रवासाचे कपडे घालून, टोपी मांडीवर ठेवून मशीनसमोर बसले होते. माझी चाहूल लागली तशी मागे न पाहताच म्हणाले, "या ताई. गाणी टिपायला आले होते ना, त्या दिवशीचं हे. माह्याकडंच पाहून विचारते ती. मी कॅमेऱ्याच्या बाजूला तिची थैली घेऊन उभा होतो. त्या लोकाईनं मले बजावलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. मी नुसती मान हालवली."

मी दारातच थांबले. त्यांनी बटन दाबलं. पडद्यावर वहिनींनी पदर सावरला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग बाजूला पाहिलं.

"म्हनू काय आता?"

"म्हन ना वं," भाऊ मोठ्यानं म्हणाले. "मी आहो ना इथंच."